निरीक्षणाचे दहा दिवस : एका सार्वजनिक प्राणी निवाऱ्याचं प्रकरण

चौदा नंबरच्या पिंजऱ्याला अडकवलेलं कार्ड ओलीनं फुगलं होतं. त्यावरच्या तीनच गोष्टी वाचता येत होत्या : 'नर, तांबूस', आवक तारीख, आणि लाल शाईत 'चावा – निरीक्षण'. माणसाला चावलेल्या कुत्र्याला रेबीजच्या शंकेपोटी दहा दिवस नजरेखाली ठेवतात. चावताना लाळेत विषाणू असेल, तर एवढ्या अवधीत कुत्रा आजारी पडतो आणि मरतो. धडधाकट राहिला, तर त्या चाव्यातून रेबीजची भीती उरत नाही. मी तारखेवरून दिवस मोजले. तो १४७वा दिवस होता.

"हा अजून इथे कसा?" मी सोबतच्या कर्मचाऱ्याला विचारलं. सगळे त्यांना काका म्हणत.

"सोडायचा कागद आला नाही, साहेब."

"कुणाकडून यायचा?"

"वरून."

मला बोलावलं होतं ते वेगळ्याच कारणासाठी. स्वयंसेवकांनी काढलेले दोन फोटो बाहेर गेले होते. एकात नखशिखांत भिजलेला, कोपऱ्यात थरथरणारा कुत्रा. दुसऱ्यात एक मेलेलं पिल्लू आणि त्याला बिलगून झोपलेली तीन जिवंत. गदारोळ झाला. स्वयंसेवक म्हणत, इथे क्रौर्य चाललंय. प्रशासन म्हणे, जागा अपुरी, माणसं अपुरी; चाळीस पिंजरे वाढवून द्या, प्रश्न मिटेल. बाहेरच्या कुणीतरी आठ दिवस बसून पाहावं असं ठरलं आणि ते काम माझ्याकडे आलं. निवाऱ्याचं नाव मी घेणार नाही. ओळख पटू नये इतपत आकडेही हलवले आहेत. त्यांचं एकमेकांशी असलेलं नातं मात्र होतं तसंच ठेवलं आहे.

मोजणी

पहिल्या सकाळी मी आवक-जावक नोंदवही बाजूला ठेवली आणि चालत जाऊन कुत्री मोजली. ९७ भरली. वहीप्रमाणे ८४ असायला हवी होती. अधीक्षकांचा चेहरा उतरला. कुत्री कमी भरली तर संशय समजू शकतो, पण तेरा जास्त? जादा कुत्री लपवून ठेवण्यात कुणाला काय मिळणार? उत्तर साधं निघालं. तीन माद्या पिल्लांसकट आल्या होत्या आणि प्रत्येकीची 'पिल्लांसह' अशी एकच नोंद झाली होती. एकीची सहा, एकीची चार, एकीची तीन. ज्या पिल्लाला नंबर नाही, त्याला लसीची तारीख नाही, आणि ते मेलं तर वहीच्या लेखी कुणीच मेलेलं नाही. फोटोतलं पिल्लू तीनच्या नोंदीतलं चौथं होतं.

पिंजरे साठ. साठ पिंजऱ्यांत ९७ कुत्री म्हणजे गर्दी आहेच, त्यात वाद नाही. पण गर्दी कशाची आहे हे पाहायला मी वहीतल्या ८४ नोंदी आवक तारखेप्रमाणे लावल्या, आणि तळाशी अकरा नोंदी अशा निघाल्या की ज्यांना शंभराहून अधिक दिवस झाले होते. चार चाव्याच्या निरीक्षणातल्या. तीन न्यायालयीन प्रकरणांतला मुद्देमाल. दोघांचे मालक आजारपणामुळे कुत्रा ठेवून गेले, ते परतलेच नाहीत. उरलेली दोन का आहेत हे कुणालाच सांगता आलं नाही. ही अकरा कुत्री 'भानगडीची' म्हणून प्रत्येकी स्वतंत्र पिंजऱ्यात. म्हणजे बाकीच्यांना उरले ४९ पिंजरे.

चाव्याच्या चारही प्रकरणांत गोष्ट एकच. सोडण्याची सही आरोग्य खात्याची. तिथले अधिकारी बदलून गेले, नव्यांना ही जबाबदारी आपली आहे हे माहीत नव्हतं, आणि निवाऱ्यानं आठवण करायची नाही, कारण 'ते आपल्या अखत्यारीत येत नाही'. हे वाक्य मी आठ दिवसांत इतक्यांदा ऐकलं की शेवटी मोजायचं सोडून दिलं.

रांगांच्या गणितात एक नियम आहे. जॉन लिटल यांनी तो १९६१ मध्ये सिद्ध केला. आत असलेल्यांची सरासरी संख्या म्हणजे येण्याचा वेग गुणिले आत राहण्याचा सरासरी काळ. दुकानातल्या रांगेला लागू, रुग्णालयातल्या खाटांना लागू, तसाच पिंजऱ्यांनाही लागू. इथे रोज सरासरी सहा नोंदी येत होत्या आणि मुक्काम सरासरी चौदा दिवसांचा होता. सहा चौदा चौऱ्याऐंशी. वहीतला आकडा नेमका हाच. मुक्काम दहा दिवसांवर आला, तर आत साठ असतील आणि पिंजरेही साठच आहेत. अधीक्षकांना कागदावर हे गणित करून दाखवलं तेव्हा ते बराच वेळ त्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे चाळीस पिंजरे नकोत?" नकोत असं मी म्हटलं नाही. पण नव्या पिंजऱ्यांनी घाई कमी होते, आणि घाई कमी झाली की निर्णय लांबतात, मुक्काम वाढतो. वर्षभरात नवे चाळीसही भरतात. मग साठाऐवजी शंभर पिंजऱ्यांत हेच चालू राहतं.

माणसं अपुरी होती, हे मात्र अगदी खरं. अमेरिकेतल्या प्राणी नियंत्रण आणि प्राणीकल्याण संघटनांचा एक जुना ठोकताळा आहे : एका प्राण्यामागे दिवसाला किमान पंधरा मिनिटं, नऊ सफाईची आणि सहा खाऊ घालण्याची. ९७ प्राण्यांचे झाले सुमारे २४ तास. मंजूर कर्मचारी सहा. त्या दिवशी एक रजेवर, एकाची साप्ताहिक सुटी, एक गाडीवर, आणि एक मुख्य कार्यालयात टपाल वाटायला दिलेला. उरले दोघं. दोघांचे मिळून हाताशी आलेले बारा तास म्हणजे प्राण्यामागे साडेसात मिनिटंही नाहीत. टपालवाला माणूस परत मागायला पत्र लागतं, पिंजरे बांधायला निविदा लागते. प्रशासनानं निविदा निवडली होती.

तुटलेल्या तारा

भिजलेल्या कुत्र्याच्या फोटोचं कोडं दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता सुटलं. तिथले पिंजरे चांगले आहेत, कुणीतरी समजून बांधलेले. प्रत्येकाचे दोन भाग, मध्ये वर-खाली सरकणारं पत्र्याचं दार. दाराला तार, तार वरच्या कप्पीवरून बाहेर आलेली. बाहेर उभं राहून तार ओढली की दार उचललं जातं, कुत्रा पलीकडे जातो, दार सोडून अलीकडचा भाग धुवायचा. साठ दारांपैकी २२ दारांच्या तारा तुटलेल्या होत्या. दार बंद अवस्थेत अडकलेलं, कुत्रा एकाच बाजूला. काकांच्या हातात पाण्याचा पाइप. कुत्र्याला बाहेर काढून बांधायला दुसरा माणूस नाही, म्हणून कुत्रा आत असतानाच पिंजरा धुतला जायचा. निवाऱ्यांतल्या पशुवैद्यकांच्या संघटनेनं २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत ही पद्धत सरळ अस्वीकार्य ठरवली आहे. काकांना ती तत्त्वं माहीत असायचं कारण नाही, पण कुत्रा गारठतो आणि घाण उडून त्याच्याच अंगावर बसते हे त्यांना माझ्यापेक्षा आधी दिसत होतं.

तारांसाठी बांधकाम विभागाला एकोणीस महिन्यांत सहा पत्रं गेली होती. उत्तर एकाच पत्राला आलं : 'एकत्रित प्रस्ताव सादर करावा.' मध्यंतरी काकांनी पदरमोड करून चार दारांना नायलॉनची दोरी बांधली होती. निवाऱ्यावरच्या देखरेख समितीच्या भेटीआधी ती काढायला लावली. वाईट दिसते म्हणून.

रोगांचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात नवल काही नाही. जंतुनाशक म्हणून सगळीकडे फिनाइल, कारण दरकरारात तेवढंच होतं. पार्व्हो म्हणजे कुत्र्यांचा उलट्या-जुलाबांचा जीवघेणा रोग. त्याच्या विषाणूला बाहेरचं मेदाचं आवरण नसतं, त्यामुळे फिनाइलसारख्या द्रवांना तो दाद देत नाही आणि जागेत महिनोन्‌महिने टिकून राहतो. त्याला ब्लीच लागतं, एकास बत्तीस प्रमाणात पातळ केलेलं. तेही आधी साबणानं घाण काढून मग दहा मिनिटं ओलं राहू दिलं तरच, कारण घाणीवर ओतलेलं ब्लीच वाया जातं. मांजरांच्या खोलीतही फिनाइलच, आणि मांजरांना ते विषारी. लस आठव्या दिवशी, कारण पहिले सात दिवस मालक येण्याची वाट पाहायची. तो येऊन घेऊन गेला तर लस फुकट गेली, हा हिशेब. लस दारातच द्यायची असते, आत नेण्याआधी. सात दिवसांत पार्व्हो कधीच गाठून मोकळा झालेला असतो.

९३ टक्के

आता या प्रकरणातल्या मला सर्वांत महत्त्वाच्या वाटलेल्या कागदाकडे येतो. वार्षिक अहवालाच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरात होतं : जिवंत बाहेर गेलेल्या प्राण्यांचं प्रमाण ८५ टक्क्यांवरून ९३ टक्क्यांवर. निवाऱ्यांच्या जगात ९० टक्के ही मानाची रेषा मानतात. ती ओलांडली म्हणून अधीक्षकांचं जाहीर कौतुक झालं होतं. फोटो बाहेर आले ते त्याच वर्षीचे.

मी मूळ नोंदी मागवल्या. आदल्या वर्षी २,१५० प्राण्यांचा निकाल लागला : दत्तक, मालकाकडे परत किंवा दुसऱ्या संस्थेकडे असे जिवंत गेलेले १,७४५, दयामरण ३१०, पिंजऱ्यात मेलेले ९५. कौतुकाच्या वर्षीही निकाल २,१५० चाच : जिवंत १,७४०, दयामरण १३०, पिंजऱ्यात मेलेले २८०. जिवंत गेलेले पाचनं कमीच झाले होते. मग टक्के आठनं वाढले कसे?

२००४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या असिलोमार इथे निवारे चालवणाऱ्या संस्थांची बैठक झाली. सगळ्यांचे आकडे एका भाषेत यावेत म्हणून त्यांनी एक तक्ता ठरवला. हेतू चांगला होता आणि तक्ताही वाईट नाही. त्यात पिंजऱ्यात मेलेल्या किंवा हरवलेल्या प्राण्यांसाठी वेगळी ओळ आहे, पण टक्केवारी काढताना ती ओळ भागाकारात धरत नाहीत. म्हणजे डॉक्टरांनी सुईनं दिलेला मृत्यू टक्का खाली आणतो, आणि कोपऱ्यात पडून आलेला मृत्यू टक्क्याला धक्काही लावत नाही. या निवाऱ्यात १८० प्राणी पहिल्या रकान्यातून उठून दुसऱ्यात गेले होते. सगळे मृत्यू धरून हिशेब केला तर दोन्ही वर्षी प्रमाण ८१ टक्क्यांच्या आसपास येतं, दुसऱ्या वर्षी किंचित कमीच.

हे कुणी कट करून केलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी दयामरणाच्या आकड्यावरून असाच गदारोळ झाला होता. तेव्हा आदेश निघाला की दयामरणाच्या प्रत्येक प्रस्तावाला खातेप्रमुखांची, म्हणजे निवारा ज्या खात्याखाली येतो त्याच्या प्रमुखांची, पूर्वमंजुरी लागेल. तो आदेश ज्यांच्या मागणीवरून निघाला त्यांत आजचे काही स्वयंसेवक होते. त्यांना हे सांगितलं तेव्हा त्यांनाही ते जड गेलं. मी फाइलीतलं एकच प्रकरण सांगतो. वाहनाखाली सापडलेली मादी, कणा मोडलेला, मागचे पाय निकामी, लघवी सुटत नाही. गुरुवारी दुपारी डॉक्टरांनी प्रस्ताव लिहिला. शुक्रवारी खातेप्रमुख बैठकीत. शनिवार-रविवार कार्यालय बंद. ती रविवारी रात्री मेली. मंजुरी मंगळवारी आली आणि मृत्यूच्या नोंदीच्या वर व्यवस्थित टाचून ठेवली आहे. अहवालात ती मादी टक्केवारीच्या बाहेर आहे.

दयामरणाच्या औषधाची नोंदवहीही सहज चाळली. औषध वजनावर ठरतं. वजनाचा रकाना असा : १५, २०, १५, १०, २०, १५. साडेतेरा किलोचा कुत्रा या निवाऱ्यात कधी आलेलाच नाही. वजनकाटा कपाटावर होता, त्याची बॅटरी कधी संपली कुणाला आठवत नव्हतं. आणि अंदाजानं भरलेल्या वजनांवरून प्रत्येक महिन्याअखेर शिल्लक मिलिलिटरपर्यंत जुळत होती. सुईत राहणारं, सांडणारं, काही नाही. औषधाची चोरी होत होती असा पुरावा मला मिळाला नाही आणि तसं मी अहवालात लिहिलंही नाही. पण जी वही कधीच चुकत नाही, ती काम झाल्यावर नव्हे तर महिन्याअखेरीस बसून लिहिली जाते, एवढं मी लिहिलं.

देखरेख कुणाची

देखरेख समिती होती. दर तीन महिन्यांनी बैठक, वर्षातून दोन भेटी, सगळं नियमाप्रमाणे. समितीचे अध्यक्ष खातेप्रमुख. म्हणजे ज्यांच्याकडे दयामरणाची मंजुरी, खरेदीची सही आणि अधीक्षकांच्या कामगिरीचा गोपनीय अहवाल, तेच. तज्ज्ञ सदस्य म्हणून निवाऱ्यातलेच कंत्राटी डॉक्टर. सात बैठकांची इतिवृत्तं मी वाचली. सातही इतिवृत्तांत एक वाक्य अक्षरशः तेच : 'सर्व व्यवस्था समाधानकारक आढळली.'

भेटीची तारीख आठ दिवस आधी कळवली जायची. 'तात्पुरता सांभाळ' या नोंदवहीत एक गंमत दिसली. प्रत्येक भेटीच्या आदल्या दिवशी पंधरा ते वीस कुत्री सांभाळायला बाहेर गेलेली, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळी परत. गाडीच्या लॉगबुकात त्या दोन्ही दिवशी खात्याच्याच एका गोदामापर्यंतच्या फेऱ्या. विचारल्यावर अधीक्षकांनी नाकारलं नाही. "पाहुणे येणार म्हटल्यावर घर आवरतोच ना आपण," ते म्हणाले. मला त्यांचा राग यायला हवा होता. पण त्याआधी वर्षभर हा माणूस तारा, माणसं आणि ब्लीच मागत होता, त्याची पत्रं मी वाचली होती. ज्या दिवशी समितीला खरी गर्दी दाखवून तिच्याकडून काही मिळवता आलं असतं, त्याच दिवशी त्यानं ती लपवली. कारण समितीच्या अध्यक्षांच्या हातात त्याचा गोपनीय अहवाल होता.

समितीचा तपासणी नमुना एकतीस प्रश्नांचा. पाण्याची सोय आहे का? आहे. विलगीकरण कक्ष आहे का? आहे. (त्यात खाद्याची पोती होती, पण कक्ष आहे.) वजनकाटा आहे का? आहे. एकाही उत्तरात खोटेपणा नव्हता. कार्यालयाच्या भिंतीवर प्राण्यांच्या पाच स्वातंत्र्यांची चौकट होती : भूक-तहान, अस्वास्थ्य, वेदना आणि आजार, भीती यांपासून मुक्ती, आणि स्वाभाविक वागण्याची मुभा. ही कल्पना १९६५ च्या ब्रिटनमधल्या ब्रॅम्बेल समितीच्या अहवालातून आली, तीही शेतीतल्या जनावरांच्या काळजीतून. चौकट आहे का, असाही एक प्रश्न नमुन्यात होता.

नंतर

मी सुचवलेल्या गोष्टी फार नव्हत्या. रोज सकाळी डॉक्टर, अधीक्षक आणि ज्येष्ठ कर्मचारी यांनी मिळून प्रत्येक पिंजऱ्यासमोर थांबायचं आणि एकच प्रश्न विचारायचा : हा आज इथे का आहे, आणि पुढचं पाऊल कुणी, कधी टाकायचं? उत्तर नावानिशी कार्डावर. निरीक्षणातला कुत्रा अकराव्या दिवशी आपोआप मोकळा. अडवायचा असेल तर आरोग्य खात्यानं लेखी अडवावा. दयामरणाचा निर्णय दोन पशुवैद्यकांनी त्याच दिवशी घ्यावा, खात्याला नंतर कळवावं. टक्केवारीत सगळे मृत्यू धरावेत. समितीचा अध्यक्ष खात्याबाहेरचा असावा आणि भेट न कळवता व्हावी. पिल्लाला पिल्लाचा नंबर.

सहा महिन्यांनी गेलो तेव्हा मुक्काम सरासरी साडेदहा दिवसांवर आला होता आणि आत ६३ कुत्री होती. पिंजरे साठच. २२ पैकी १७ तारा बसल्या होत्या. लस दारात. टपालवाला परत आलेला. न्यायालयीन प्रकरणांतली दोन कुत्री अजून तिथेच, त्यावर निवाऱ्याचा इलाज नाही. अध्यक्ष बदलला नव्हता. 'प्रस्ताव विचाराधीन' होता. अधीक्षकांची मात्र बदली झाली होती. आणि नव्या पद्धतीनं काढलेली टक्केवारी जाहीर झाल्यावर व्हायचं तेच झालं : ९३ वरून थेट ऐंशीच्या घरात, कामगिरी ढासळल्याची बातमी, नव्या अधीक्षकांना खुलाशाची नोटीस. पिंजऱ्यातले मृत्यू त्या सहामाहीत निम्म्याहून कमी झाले होते. ते बातमीत नव्हतं, कारण आधी ते मृत्यू कुणी पहिल्या पानावर छापलेच नव्हते.

चौदा नंबरचं सांगायचं राहिलं. पाहणीच्या तिसऱ्या दिवशी मी आरोग्य खात्यात फोन लावला. पलीकडच्या बाईंनी कुत्र्याचा आवक क्रमांक विचारला, अशा किती फाइली पडून आहेत तेही विचारलं, आणि चाळीस मिनिटांत चारही कागद पाठवून दिले. चौदा नंबरचं दारही तुटक्या तारेचंच होतं. १४९ दिवस तो आतल्या निम्म्या भागात राहिला होता. काकांनी पत्रा हातानं वर उचलून धरला, मग बाहेरचं फाटक सताड उघडलं. कुत्रा जिथे दार असायचं त्या रेघेपर्यंत आला, तिथे थांबला आणि मागे जाऊन बसला. काकांनी पत्र्याखाली एक वीट उभी केली आणि पाइप बंद करून ते फाटकाबाहेर जमिनीवर, त्याच्याकडे पाठ करून बसून राहिले.